मदत हवी आहे: आयरिश गेलिक नावं आणि त्यांचे अर्थ

मंडळी, माझी धाकटी बहीण आयर्लंडमध्ये गॉलवेला असते, नवरा तिथलाच, दिवाळीच्या आसपास बाळ येतंय आणि नाव असं पाहिजे की तिकडच्या आजीलाही म्हणता यावं अन् इकडच्याही, तर इथेच गाडी अडलीये. जावयाने सुचवलेलं पहिलं नाव एन-आय-ए-एम-एच असं लिहितात आणि म्हणतात नीव्ह! एम-एच मिळून व होतो म्हणे. अर्थ तेज, झळाळी. छान आहे, पण आई अजून नियामच वाचते. शिवॉन ऐकून मात्र ती जाम खूश, म्हणे आपली शिवानीच की, पण ते निघालं जोन या नावाचं आयरिश रूप, फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांबरोबर आलेलं. मुलगा झाला तर ओशीन, म्हणजे छोटं हरिण, हे मला फार आवडलंय. तारा दोन्हीकडे चालतं, फक्त तिकडे ते मीथ परगण्यातल्या तारा टेकडीवरून, चांदणीशी संबंध नाही.

तर बायबलमधून वगैरे न आलेली, मुळातच गेलिक आणि आपल्या जिभेला सोपी अशी अजून कुठली नावं आहेत? तिकडे राहणाऱ्यांनी प्लीज उच्चार देवनागरीतच लिहा, स्पेलिंगवरचा माझा विश्वास उडालाय.