काँगोतलं रानमांस आणि सुरगाण्याचा ससा: सरसकट बंदी कितपत बरोबर?

हरसूलकर
आफ्रिकेतल्या ‘बुशमीट’चा (रानमांस, म्हणजे शिकार केलेल्या जंगली जनावरांचं मांस) विषय निघाला की आपली चर्चा एबोलापासून सुरू होते आणि ‘खाणाऱ्यांना आवरा’वर संपते. काँगोच्या खोऱ्यात वर्षाला निघणाऱ्या रानमांसाचे अंदाज 10 लाख टनांपासून 50 लाखांच्या आसपास जातात. एवढी तफावत म्हणजे नीट मोजलंय कुणी? पण तिथे त्सेत्से माशीच्या रोगामुळे गुरं टिकत नाहीत, आडगावात शीतपेटी नाही, हे खरं. मादागास्करमधल्या 2011च्या अभ्यासाचा हिशोब असा, की रानमांस ताटातून गेलं तर रक्तक्षय असलेल्या मुलांची संख्या 29 टक्क्यांनी वाढेल. घानाने मधला मार्ग काढला: 1 ऑगस्ट ते 1 डिसेंबर शिकार बंद, फक्त ग्रासकटर (आपल्या घुशीहून बराच मोठा, गवत खाणारा उंदीर) वगळून.

माझं म्हणणं, सुरगाणा-पेठच्या पाड्यावर घरी शिजणारा ससा आणि हायवेच्या ढाब्यावर ‘स्पेशल ऑर्डर’ म्हणून जाणारा ससा कायद्याने वेगळे धरावेत. बंद हंगाम ठेवा, विक्रीवर पूर्ण बंदी ठेवा, घरच्या खाण्याला सूट द्या.

गोदाकाठी
काँगोची गरज नाशिकला कशी चिकटवता? आपल्याकडे पोल्ट्रीचे शेड गावोगाव आहेत, तालुक्याच्या बाजारात ब्रॉयलर रोज मिळतो. पाड्यावर रोख पैसा नसतो हे मान्य. पण त्यावर उपाय अंडी आणि गावठी कोंबड्या. शिवाय ओढ्यातले खेकडे-मासे आहेतच.

आणि कायदा आधी वाचा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. ससा आणि रानडुक्कर आता संरक्षित प्राण्यांच्या अनुसूची 2 मध्ये: 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. घोरपड अनुसूची 1 मध्ये: किमान 3, जास्तीत जास्त 7 वर्षं, दंड किमान 25,000. वनहक्क कायदा 2006 सुद्धा पारंपरिक हक्क देताना शिकार आणि फासे लावणं स्पष्ट शब्दांत वगळतो.

हरसूलकर
वाचलाय. त्याच 1972च्या कायद्यातलं कलम 65 बघा: निकोबार बेटांवरच्या आदिवासींचे शिकारीचे हक्क तिथे राखून ठेवलेत. म्हणजे अपवाद करता येतो, फक्त कोकणा, महादेव कोळी, वारली यांच्यासाठी करायचा नाही.

आडवाटेकर
अपवाद द्यायचा तर कुठल्या हत्याराला, ते आधी ठरवा. सगळी मेख तिथेच आहे. मध्य आफ्रिकेतली बरीच शिकार तारेच्या फाशांवर चालते, कारण तार स्वस्त आणि रात्रभर माणूस लागत नाही. आपल्याकडे दुचाकीची क्लच वायर वापरतात, कामाचं तत्त्व तेच. फास लावणारा दोन-तीन दिवस फिरकला नाही की जनावर तिथेच सडतं, म्हणजे मेलेलं प्रत्येक जनावर ताटात जातच नाही. तार डुकरासाठी असते, अडकतो बिबट्या. तो सुटायला ओढतो तसा फास कमरेत रुततो. वरून जखम लहान दिसते, पण आतल्या मांसाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. म्हणून तार कापून लगेच सोडलेला बिबट्या पुढे काही दिवसांनी मरू शकतो. सिन्नर-निफाडच्या उसात बिबटे असताना ‘फक्त डुकराचा फास’ असं काही नसतं.

हरसूलकर
फासे, वीज लावलेली तार, गावठी बॉम्ब यांवर बंदीच हवी, वाद नाही. मी वाघरीबद्दल बोलतोय. सशाचं जाळं. हाकारा करून माणसं समोर उभी असतात, नको ते जनावर जिवंत सोडता येतं.

मापारी
वाघरीचा मुद्दा चांगला आहे, पण हंगामाचा चालत नाही. आपला ससा वर्षभर वितो, पावसाळ्यात जास्त. चार महिने बंद ठेवले तरी उरलेल्या आठांत पोटुशी मादी मिळणारच.

उलट आफ्रिकेत खरा घात हळू विणाऱ्या जनावरांचा होतो. चिंपांझीच्या दोन पिलांत 5 वर्षांच्या आसपास अंतर असतं. लाकूड कंपनी रस्ता काढते, त्या रस्त्याने काडतुसं आत आणि धुरावलेलं मांस बाहेर, आणि पाड्याचं अन्न शहराची चैन होऊन बसतं. 2010च्या एका अभ्यासाने पॅरिसच्या विमानतळावरून प्रवाशांच्या बॅगांतून आठवड्याला सुमारे 5 टन रानमांस जात असल्याचा अंदाज काढला होता. हे भुकेचं गणित नाही.

‘मग पाळा ना’ म्हणणाऱ्यांसाठी: ग्रासकटरची मादी सुमारे 5 महिने गाभण, पिलं चारेक. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विकायला तयार. पाळलेला उंदीर कोंबडीपेक्षा महागच पडणार.

पंचवटीकर
रोगाचं कुणीच बोललं नाही. धोका खाण्यात कमी, सोलण्या-कापण्यात जास्त. 1996 मध्ये गॅबॉनच्या मायिबू गावात जंगलात मेलेला चिंपांझी कापला गेला. ज्यांनी तो हाताळला त्यांतले 18 जण एबोलाने आजारी पडले. विषाणू शिजवल्यावर मरतो, हाताच्या चिरेतून गेला तर नाही. म्हणून मेलेलं सापडलेलं जनावर कापू नये, आणि डुकराचं मांस अर्धकच्चं तर अजिबात नको, त्यात जंतांच्या अळ्या असू शकतात.

गोदाकाठी
आणि सूट अमलात कशी आणणार? कातडं, पंजे काढले की रश्श्यातला तुकडा कशाचा ते डीएनए तपासल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणूनच कलम 57 मध्ये ज्याच्याकडे सापडलं त्यानेच ते कायदेशीर आहे हे दाखवायचं असतं. ‘घरच्यासाठी’ हा शब्द कायद्यात आला की ढाबेवाला तोच म्हणणार. पिकासाठी परवानगी घेऊन मारलेलं डुक्करसुद्धा कलम 39 नुसार सरकारचं, ताटात जात नाही.

हरसूलकर
हंगामाची सूचना मागे घेतो, सशाला ती लागू पडत नाही. डुकराचं मात्र पटत नाही. नागली-भात डुकराने उपटायचा, परवानगीने मारलेलं डुक्कर पुरायचं, आणि त्याच घराला कोंबडी विकत घ्या म्हणायचं?

आडवाटेकर
पुरू नका म्हणालात तर पुढच्या हंगामात परवानगीचे अर्ज पिकासाठी येतील की मटणासाठी?