स्टार्व्ड रॉक स्टेट पार्क (इलिनॉय, अमेरिका): जानेवारीत गरुड आणि गोठलेले धबधबे एकाच दिवसात जमतील का?

रानवाटा: शिकागोहून सकाळी निघून संध्याकाळी परतायचंय. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलं आहेत. बाल्ड ईगल कुठून दिसतात? धबधब्याची कुठली घळ मुलांना झेपेल?

पाणकावळा: जमतं, पण आधी गरुड, मग घळ. गरुड येतात ते पार्कजवळच्या नदीवरच्या धरणामुळे. इलिनॉय नदी इतरत्र गोठली तरी दारांखालचं पाणी खळाळतं राहतं, त्यावर बर्फ धरत नाही. शिवाय दारांतून येताना गिझार्ड शॅड मासे अर्धमेले होऊन वर तरंगतात, गरुडांचं आयतंच फावतं. म्हणून तारखेपेक्षा थंडी बघा. चार-पाच दिवस सलग कडाका पडला की गरुड जमतात, हवा उबदार झाली की पांगतात.

पार्क दक्षिण काठावर आहे. समोरच्या उत्तर काठावरच्या इलिनॉय वॉटरवे व्हिजिटर सेंटरमधून धरण अगदी जवळ दिसतं. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. नुसती पांढरी डोकी शोधू नका. चार-पाच वर्षांचा होईपर्यंत हा पक्षी तपकिरीच असतो. बसलेल्या गरुडाच्या झाडाखाली मात्र जाऊ नका. तो उडाला की थंडीत साठवलेली ताकद फुकट जाते.

दगडफूल: घळी १८ आहेत, मुलांसोबत एकच नीट बघा. फ्रेंच कॅनियन सगळ्यात जवळची, पण आत शिरायला खडकाच्या उतारावरून चढावं लागतं. तिथलं पाणी गोठलं की निव्वळ घसरगुंडी. त्यापेक्षा सेंट लुई कॅनियन घ्या, रूट १७८ या रस्त्यावरच्या पार्किंगमधून चालायची वाट थोडीच आहे.

बुटांवर चढवायचे साखळीवाले स्पाइक प्रत्येकाला हवेतच. नुसत्या रबरी तळव्याचा ओल्या बर्फावर काही उपयोग नाही. बर्फ नसलेल्या लाकडी पायऱ्यांवर स्पाइक काढून ठेवा, दाते फटीत अडकतात. तापमान शून्याच्या वर गेलं तर लोंबत्या बर्फाखाली उभं राहू नका, सुळे तुटून पडतात. धबधब्याच्या पायथ्याच्या डोहावर तर मुळीच पाय ठेवायचा नाही. वरून पाणी ठिबकत असतं, त्यामुळे भुरभुरीत बर्फाखालचा थर पातळच राहतो.

रानवाटा: स्पाइक मुलांच्या मापाचे मिळतात का?

दगडफूल: मिळतात. बूट घालून माप बघा. सैल असले तर टाचेवरून निसटतात.

पाणकावळा: एक राहिलं. अंधार पडला की पायवाटा बंद होतात आणि जानेवारीत साडेचार-पाचलाच सूर्य मावळतो. दोनच्या आत घळीत शिरा. कड्याच्या काठाशी मुलांचा हात सोडू नका: इथला सेंट पीटर वालुकाश्म इतका ठिसूळ की नखाने खरवडला तरी वाळू सुटते, आणि बर्फाखाली कडा कुठे संपतो ते कळत नाही.