मदत हवी आहे : उघड वैरी आणि गप्प राहिलेले मित्र

आमचे गाव पैठण तालुक्यात गोदाकाठी आहे. बांधाच्या वादामुळे ज्या भावकीशी बारा वर्षे बोलणे नाही, त्यांच्यातील एकाने परवा चारचौघांत सुनावले की, मी ज्याला जामीन राहिलो त्या मित्राने कर्जाचे हप्ते थकवले आहेत. हेतू मला खाली पाहायला लावण्याचा होता, पण माहिती खरी निघाली. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि तरीही माझ्या जवळच्या मित्रांनी, मन दुखू नये म्हणून, ही थकबाकीची गोष्ट माझ्यापासून वर्षभर लपवली. अंगावर थुंकणाऱ्यामुळे वारंवार गोदास्नान घडले म्हणून संत एकनाथांनी त्याचे उपकार मानल्याची कथा इथे लहानपणापासून ऐकतो. मला ते अजून साधत नाही. त्या वैऱ्याकडे स्वतःहून जावे का, आणि मित्रांजवळ हा विषय कसा काढावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.