सोलापूरच्या मे महिन्यात हाफ पँट की अंगभर कापड?

होटगीरोडकर
मावसभाऊ मस्कतहून आलाय. परवा दुपारी दोनला त्याला घेऊन नवी पेठेत गेलो. मी हाफ पँट नि बिनबाह्यांचा टीशर्ट, तो पूर्ण बाह्यांचा ढगळ सदरा नि डोक्याला उपरणं. म्हणाला, "कातडं उघडं टाकून कुठं निघालास बे?" तिकडचे ओमानी घोट्यापर्यंतचा दिशदाशा घालतात, डोक्याला मस्सर गुंडाळतात. घरी आलो तेव्हा माझे दंड तव्यावरून काढल्यासारखे लाल, तो मजेत ताक पितोय.

माझं म्हणणं असं की हाफ पँट हा दमट मुलखाचा पोशाख. कातडीचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं. हवा 43 ला गेली की वारं अंगाला लागून उलट तापवतं, वरून ऊन आहेच. आपल्या कोरड्या हवेत घाम कापडाआडसुद्धा झटकन वाळतो, त्यासाठी अंग उघडं टाकायची गरज नाही. बोला.

मूळचा_मालवणी
दमट मुलखाबद्दल बरोबर. आमच्याकडं घाम वाळतच नाही, म्हणून आजोबा पंचावर वावरायचे. पण तुमचं शास्त्र रस्त्यावरचं आहे. घरात कूलरसमोर ऊन कुठून येणार? तिथं सदरा घालून बसणारा माणूस मला दाखवा.

बाळीवेसची_सून
आज शोध लागला का तुम्हाला? आम्ही बायका कित्येक वर्षं सनकोट, स्कार्फ, हातमोजे घालूनच गाडी काढतो. पण खरं सांगते, निम्म्या जणी काळं पडायच्या भीतीनं घालतात, गारव्यासाठी नाही. बाजारात मिळणारे कितीतरी सनकोट सिंथेटिक. सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की आत भाप. अंगभर म्हणजे गार, असं सरसकट म्हणू नका.

सात_रस्ता
आणि काळा सनकोट असेल तर विचारूच नका. काळं ऊन शोषतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

होटगीरोडकर
शाळेतल्या पोराला अर्धंच कळतं. वाळवंटातले बेदुईन अरब काळे झगे का घालतात, हे काही संशोधकांनी इस्रायलमधल्या नेगेव्ह वाळवंटाच्या उन्हात माणूस उभा करून मोजलं. 1980 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापून आलं. हवा 35 ते 46 अंश. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापला, पण कातडीपर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच. झगा ढगळ, आतून हवा खेळते, जास्तीची उष्णता ती वाटेतच घेऊन जाते. म्हणजे रंगापेक्षा ढगळपणा महत्त्वाचा. ताईंचा सनकोट तिथंच मार खातो, कापडही चुकीचं नि मापही.

कोर्टाच्या_पायरीवर
वकील आहे, म्हणून काळ्यावर बोलायचा हक्क माझा. आमचा कोट अंगाला घट्ट, आत अस्तर, गळ्याला बँड. त्यात कुठली हवा खेळणार? गंमत म्हणजे बार कौन्सिलच्या नियमानुसार उन्हाळ्यात जिल्हा कोर्टात काळा कोट सक्तीचा नाही, सक्ती फक्त हायकोर्ट नि सुप्रीम कोर्टात. तरी मी घालतो. बिनकोटाच्या वकिलाकडं अशील कसा बघतो ते एकदा येऊन पाहा. माणूस हवेसाठी कपडे घालत नाही हो, समोरच्यासाठी घालतो.

मूळचा_मालवणी
वकीलसाहेब, समोरच्याची नजरही बदलते की. जपानी सरकारनं 2005 साली उन्हाळ्यात टाय नि कोट काढायला सांगितलं, ऑफिसचा एसी 28 वर ठेवायला लावला. कोटावाचून अडणारे लोक ते! फिलिपिन्समध्ये तर बारोंग म्हणजे अननसाच्या पानांच्या धाग्याचा, आरपार दिसणारा, बाहेर सोडलेला शर्ट. लग्नालाही चालतो, राष्ट्राध्यक्षालाही.

कन्ना_चौक
युनिफॉर्मचा कारखाना आहे, धंद्यातलं सांगतो. सोलापूर देशभरच्या शाळांचे कपडे शिवतं. निव्वळ सुती पँट किती शाळा मागतात? फारच थोड्या. सुती आटतं, चुरगळतं, रोज इस्त्री. पॉलिएस्टर मिसळलेलं रात्री धुतलं की सकाळी वाळलेलं, दोन वर्षं फाटत नाही. दोन पोरांची आई हवामान बघेल की पाकीट? तुमची ती ओमानी, जपानी उदाहरणं इस्त्रीवाल्याला पैसे देऊ शकणाऱ्यांची आहेत.

होटगीरोडकर
हा मुद्दा मला खोडता येत नाही. पण मग टाय, बूट, मोजे तरी काढा की मार्च ते जून. त्यात आईचे पैसेच वाचतील.

कन्ना_चौक
टाय आम्हीच विकतो, त्यामुळं यावर मौन.

सांगोल्याचा
एवढं लांब कशाला जाता? आमच्याकडचा मेंढका भर उन्हात डोक्याला पटका नि खांद्यावर घोंगडं घेऊन फिरतो. शहरातली माणसं हसतात. पण पटक्याच्या घड्यांत हवा अडते, डोकं तापत नाही. घोंगडं बसायला, झोपायला, नि वळवाचा पाऊस आला की खोळ करायला. लोकर भिजली तरी ऊब धरते, तुमचं सुती थंडगार चिकटतं.

सात_रस्ता
मग काय, ऑफिसला घोंगडं घेऊन जाऊ?

बाळीवेसची_सून
घोंगडं नको, बाराबंदी आहे की! सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजाबरोबर चालणाऱ्यांचे पांढरे कपडे बघा. पूर्ण बाह्या, ढगळ, बटणांऐवजी बंद. तुम्ही म्हणता ते सगळं त्यात आहे. आपण मात्र ती जानेवारीच्या थंडीत घालतो नि मे महिन्यात घट्ट टीशर्ट.

होटगीरोडकर
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. घरातल्या हाफ पँटबद्दल मालवणीबुवांचं मान्य, रस्त्यासाठी बाराबंदी शिवतो. कापड किती लागेल?

बाळीवेसची_सून
आधी टेलर गाठा. आमचा म्हणतो, शाळांचे गणवेश संपेपर्यंत जूनच्या पंधरवड्याआधी हात लावणार नाही.