पार्लरचं शिकायचंय, आधी काय शिकू? (खानापूर-बेळगाव भाग)

जांबोटीकडची
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या अलीकडच्या खेड्यातली. बारावी झाली, बीए दुसऱ्या वर्षाला सोडलं. गावात कुणाचं लग्न असलं की नवरीचा अंबाडा माझ्याकडेच असतो. आता रीतसर शिकायचंय.

बेळगावात दोन क्लास बघून आले. एकांनी सहा महिन्यांचे ४५ हजार सांगितले, वर 'आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट'. दुसरीकडे तीन महिने, १८ हजार, खरं ते केस कापायला शिकवत नाहीत. थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल, मेंदी एवढंच. माझ्याजवळ २० हजार आहेत, आईने सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दहा महिने साठवलेले. शक्ती योजनेमुळे बायकांना सरकारी बसला पैसे लागत नाहीत, त्यामुळे रोज येणं-जाणं जमेल. बाबा मात्र म्हणतात, लोकांचे केस कापायचं काम आपल्यात कोण करत नाही.

कुठला क्लास लावू? कन्नड समजतं, बोलताना अडखळते. हेही सांगते कारण एका ठिकाणी पहिला प्रश्न तोच विचारला.

वडगावची काकू
अगं बाळ, ते २० हजार आधी आईच्या हातात परत दे, मग पुढचं वाच.

मी २००५ ला शिकले. ९ हजार भरले होते, तेव्हाचे. वर्गात आम्ही बावीस जणी आणि डमी एक. तिचेही केस आधीच्या बॅचांनी कापून कापून कानाच्या वर नेलेले. आम्ही कात्री हवेत चालवायचो. तीन महिन्यांनी सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा मला एकच काम येत होतं, तोंडाला पॅक लावायचं. नंतर शहापुरात एका बाईंच्या पार्लरमध्ये आठ महिने बिनपगारी राहिले. केस झाडले, टॉवेल धुतले, वॅक्स गरम केलं. मी शिकले ती तिथे.

म्हणून क्लासवाल्यांना सर्टिफिकेटचं विचारू नको. विचार, जिवंत डोकी किती मिळतील? आणि एकदा दुपारी चारच्या सुमाराला न सांगता जा. कोपऱ्यात बस आणि कंगवा बघ. एकीच्या केसांतून निघाला तो थेट दुसरीच्या केसांत गेला तर चप्पल घाल आणि घरी ये. उवा, नायटा तर त्यातून जातातच. ब्लेड दोघींना एकच वापरलं आणि रक्त आलं तर हिपॅटायटिस बी सारखं दुखणं जाऊ शकतं. कंगवा नुसता निळ्या पाण्यात बुडवून ठेवला म्हणजे झालं असंही नाही. आधी केस काढून साबणाने घासायचा, मग जंतुनाशकात. मळ चिकटलेला असला की औषध आत पोचत नाही. हे मला शहापूरच्या बाईंनी शिकवलं, त्या बिचाऱ्या सातवी पास.

थ्रेडिंग घरी सुरू कर, आजच. सुती दोऱ्याचं एक टोक दातात, दोन्ही हातांत फास, मधला पीळ पुढे-मागे सरकवायचा. पहिले पंधरा दिवस स्वतःच्या पोटरीवर. कुणाच्या भुवईला हात लावू नको, भुवई गेली तर महिनाभर ती बाई आरशात बघून तुझं नाव काढणार. (मी आता दोरा दातात न धरता गळ्यात अडकवते. कोरोनानंतर गिऱ्हाइकांनाच दात नको वाटायला लागले.)

केसांचं म्हणशील तर पहिले सहा महिने फक्त सरळ टोकं. केस खाली सोडून शून्य अंशात कापले की एक रेषा येते. डोक्यापासून नव्वद अंशात ताणून कापले की लेयर पडतात. यू, व्ही, स्टेप, सगळं या कोनांच्या खेळातून. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात, वाळले की वर चढतात, म्हणून अर्धा इंच जास्तच सोड. कमी कापलेलं परत कापता येतं.

आता रंगाचं. हे मी दुसऱ्यांदा लिहितेय, पहिल्यांदा खोडलं. २०१३ चा मे महिना, लग्नसराई, पार्लरमध्ये उभं राहायला जागा नाही. एक बाई आली, उद्या भावाचं लग्न, आज केस काळे करून दे म्हणाली. मी टेस्ट केली नाही. आधी कधी लावलाय का विचारलं, ती हो म्हणाली, मी लावला. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजून मिटले. मांडवात ती पदर ओढून बसली होती, मला तिच्या जावेने सांगितलं. डॉक्टरचे पैसे मी दिले. अजून ती बाई आमच्या गल्लीतून जाते, माझ्या दाराकडे बघत नाही.

रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं, काळ्या मेंदीच्या पुड्यांतही बहुतेक वेळा असतं. आधी दहा वेळा सोसलं तरी अकराव्या वेळी अंगावर उठू शकतं. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास थांबायचं. थांबायला तयार नसेल तिला परत पाठव. रंगात मिसळायच्या डेव्हलपरचे आकडेही पाठ कर. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. जी बाई 'अंदाजाने घाल गं' म्हणते तिच्याकडे शिकू नको.

कन्नडचं घाबरू नको. माझ्याकडे मागावरच्या बायका येतात, बैलहोंगल, गोकाकच्या येतात. 'साकु' म्हणजे पुरे, 'बिसि' म्हणजे गरम, आणि 'उरी' म्हणजे जळजळ. उरी म्हणाली की हात थांबला पाहिजे, व्याकरण नंतर.

आयटीआय झालेली
काकूंचं सगळं पटलं. खरं, २० हजार खर्च न करताही रस्ता आहे. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी म्हणजे पार्लरच्या कामाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, दहावी पासवर. सरकारी असला तर फी अगदी थोडी. सगळ्या आयटीआयमध्ये नसतो, त्यामुळे जवळच्या ठिकाणी चालू आहे का ते आधी विचार. मी मराठी माध्यमातली, बाई कन्नडमध्ये शिकवायच्या. पहिले दोन महिने पाठीमागच्या बाकावर रडले. मग शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवायला लागले.

थिअरी टाळू नको. केस कसले बनलेत, रीबॉन्डिंगमध्ये, म्हणजे केस सरळ करताना, आधी केसातले जोड तोडतात आणि मग न्यूट्रलायझरने परत जोडतात, हे कळलं की पहिलं क्रीम वेळेपेक्षा जास्त ठेवलं तर केस हातात का येतात तेही कळतं.

वर्ष द्यायचं नसेल तर बँकांच्या आरसेटी, म्हणजे खेड्यातल्यांना स्वतःचा धंदा शिकवणाऱ्या संस्था बघ. ब्यूटी पार्लरचा महिनाभराचा कोर्स असतो, शिकणं, राहणं, जेवण फुकट. नंतर दोन वर्षं विचारपूसही करतात. महिन्यात कोणी तयार होत नाही, खरं तिथून काकूंसारख्या कुणाकडे हाताखाली गेलीस तर पहिल्या दिवशी नुसता झाडू हातात येणार नाही.

वडगावची काकू
झाडू येणारच.

निपाणीचा वस्तरा
बाबांच्या वाक्यावर अडकलो म्हणून लिहितोय. आम्ही नाभिक. आज्जा खेड्यात बलुत्यावर काम करायचा, सुगीला धान्य मिळायचं, रोख नाही. वडिलांनी निपाणीत खुर्ची टाकली. मी शाळेत असताना पोरं 'कात्री' म्हणून हाक मारायची. आता त्याच पोरांपैकी एकाच्या मुलीने कोल्हापुरात हेअर स्टाइलचा कोर्स केला, लाखभर भरून. बापाने पेढे वाटले, मलाही दिले. मी खाल्ले.

तुझ्या बाबांना एवढंच सांग, निपाणीत तंबाखूच्या वखारीतल्या बायकासुद्धा आता दिवाळीला केस सेट करून घेतात. मी बायकोसाठी शेजारचा गाळा बघतोय.

कामाची गोष्ट. पीएम विश्वकर्मा ही योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ धंद्यांत आमचाही आहे. ट्रेनिंगला दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत, पुढे ५ टक्क्यांनी लाखाचं कर्ज. मात्र आधीपासून तो धंदा करणाऱ्यालाच मिळते, म्हणून आज तिच्यामागे फिरू नको. आणि शिकायला कोल्हापूरला जाणार असशील तर आंतरराज्य गाडीत शक्तीचं तिकीट चालत नाही, ते खर्चात धर.

कात्री मात्र स्वतःची घे, कुणाला देऊ नको, आईला दोरा तोडायलासुद्धा. एकदा कापडावर चालली की केस धरत नाही, चावते.

जांबोटीकडची
सगळ्यांचे आभार. निपाणीचा मेसेज बाबांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, 'पेढे खाल्ले म्हणतोय होय' एवढंच विचारलं. उद्या आयटीआयला चौकशीला जाते. पोटरी लाल झालीय, दोरा अजून सरकत नाही.

काकू, तुमच्याकडे येऊन बसले तर चालेल? कधी येऊ?

वडगावची काकू
ये. कधी ते सांगू नको.