दोन दारांची हेराल्ड आणि "पैशाचा माज"

विजापूर वेस:
परवा आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "साठच्या दशकातली उघड्या टपाची गाडी घेणं म्हणजे पैशाचा माज. तेवढ्यात घरच्यांना बसायला धड एसी गाडी येते. आणि ज्यांनी ती कधी चालवलीच नाही, त्यांना कसली आलीय आठवण?" नाव घेतलं नाही, पण अक्कलकोट रोडच्या शेडमधली जुनी, उघडी स्टँडर्ड हेराल्ड गाडी मी बघून आलोय हे सगळ्यांना ठाऊक आहे. टोला कुणाला होता ते कळलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आठवण फक्त चालवणाऱ्याचीच असते, असं कुणी सांगितलं? लहानपणी नव्या पेठेत आमच्या गल्लीत एका डॉक्टरांची राखाडी हेराल्ड उभी असायची. तिचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढं कलतं. ते उघडलं की आम्ही पोरं गोळा. मिस्त्री चक्क पुढच्या चाकावर बसून काम करायचा आणि विचारलं की काय कुठं जोडलंय ते सांगायचा. आजच्या गाडीचं बॉनेट उघडा, प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. मला हाताला लागेल आणि डोक्याला समजेल असं यंत्र हवंय.

ज्या मिकेलोट्टी ह्या इटालियन डिझायनरनं 1959 ची हेराल्ड रेखाटली, त्यानंच 1962 ची ट्रायम्फ स्पिटफायर रेखाटली. स्पिटफायरची चासी म्हणजे हेराल्डचीच, आखूड केलेली. खरी ब्रिटिश स्पोर्ट्स कार माझ्या आवाक्याबाहेर आहे. मद्रासला बनलेली ही तिची थोरली बहीण आवाक्यात आहे. 948 सीसी, पळणार नाही, सगळं माहीत आहे. पण कानानं कार्बोरेटर लावणारे मिस्त्री आपल्या गावात आता किती उरलेत? अशी गाडी कुणी घेतलीच नाही, तर त्यांची विद्या त्यांच्यासोबतच जाणार. ह्याला माज म्हणत असाल तर म्हणा.

जुळे सोलापूरकर:
मालक, ती पोस्ट माझीच. मागं घेत नाही.

पहिला प्रश्न, आरसीवर काय लिहिलंय? हेराल्डचं छप्पर मुळात बोल्टनं बसवलेलं असतं. तुम्ही बघितलेली गाडी कुणीतरी छप्पर काढून "उघडी" केलेली वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, 20,000 रुपये भरून. पण त्यालाही गाडी मूळ स्वरूपात लागते, आणि मग ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. साधी नोंदणी ठेवलीत तर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, वर पर्यावरण कर.

दुसरं, आठवणीचं. आमच्या वडिलांची फियाट होती. मे महिन्यात तुळजापूरला निघालो की घाटाच्या अलीकडं हमखास बंद. उन्हानं पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिनाजवळचा पंप ओढेनासा व्हायचा. मग आपला सोलापुरी टॉवेल भिजवून त्या पंपाला गुंडाळायचा. प्यायचं पाणी त्यावर संपायचं आणि आई लहान भावाला घेऊन कडेला लिंबाखाली बसून राहायची. तुमच्या आठवणीत मिस्त्री आहे, आमच्या आठवणीत आई आहे.

गॅरेजवाल्याचा मुलगा:
काकांचा आईचा मुद्दा बरोबर आहे, पण फियाटचा राग हेराल्डवर काढू नका. तिचे धोके वेगळे आहेत. पुढच्या सस्पेन्शनला खाली ट्रुनियन, म्हणजे चाक वळतं ते सांधे असतात. त्यात गिअर ऑइल घालायचं असतं, ग्रीस नाही. शंभरातले नव्वद लोक ग्रीस भरतात, आतला धागा कोरडा पडून झिजतो आणि एक दिवस वळणावर चाक आत दुमडतं. माझ्या वडिलांनी अशी गाडी टो करून आणलेली मी पाहिली आहे. घ्यायच्या आधी जॅक लावा आणि चाक हलवून बघा.

मागचा ॲक्सलही स्विंग पद्धतीचा. जोरात वळताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक गाडीच्या पोटाखाली जातं. ज्याला हे माहीत आहे त्यानंच चालवावी.

आणि खरं संकट पुढंच आहे: ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल जुन्या रबराचे पाइप आणि डायफ्राम खातं, पाणी ओढतं, टाकी गंजवतं. नुसत्या इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जाही पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या पद्धतीच्या चारचाकीचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्के पडेल असं लिहिलंय. आम्हाला विचारलं का कुणी? नेहमीच्या पंपावर दुसरं पेट्रोलच मिळत नाही. साखर कारखानदारांच्या फायद्यासाठी आमच्या गाड्यांचं वाटोळं.

भीमाकाठ:
आता बोलावंच लागतं. "कारखानदारांचा फायदा" म्हणून हात झटकू नकोस बे. त्या इथेनॉलमागं ऊस आमचा आहे. ऊस नियंत्रण आदेश 1966 चा, त्यात 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असं लिहिलंय. आमच्याकडच्या एका कारखान्यानं आम्हाला हंगाम संपून पावसाळा लागेपर्यंत ताटकळत ठेवलं. बहिणीचं लग्न उसन्यावर केलं. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, म्हणून कुठं बिलं सुटायला लागली. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली तेव्हा आमच्या पोटात गोळा आला होता. तुमच्या हौसेच्या पाइपला भोक पडलं तर नवा पाइप मिळतो.

हिप्परगा:
उसाची बाजू घेणाऱ्यांनी एकदा शहरात येऊन आमच्या नळासमोर उभं राहावं. उजनी 117 टीएमसीचं धरण, आणि सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड. पिंपं भरून ठेवायची, पाहुणा आला की धस्स व्हायचं. आणि उसाला पाट भरून. ह्यात हेराल्डही नको आणि इथेनॉलही नको.

भीमाकाठ:
उजनीसाठी गावं कुणाची बुडाली, शहराची का? आमचं पाणी मोजता, तसं नदीतून तुमच्यासाठी सोडलेलं पाणी वाटेत किती जिरतं तेही मोजा. आणि ज्वारीला उसासारखा भाव द्या, उद्या ऊस मोडतो.

गॅरेजवाल्याचा मुलगा:
मी शेतकऱ्याविरुद्ध बोललो नाही. पंपावर निवड हवी, एवढंच म्हणणं आहे. ई-0, म्हणजे बिनइथेनॉलचं पेट्रोल महाग द्या, पण द्या. आमच्याकडं येणारे सगळे हौशी नसतात. जुन्या स्कूटरवर चटणी-पापड पोचवणारेही येतात. कार्बोरेटर साफ करायला दर वेळी पैसे त्यांचेच जातात.

भीमाकाठ:
स्कूटरवाल्याचं म्हणत असशील तर मान्य. हेराल्डवाल्याचं नाही.

जुळे सोलापूरकर:
ऊस निघालाच आहे तर ट्रॉलीचं बोला. गळीत हंगामात रात्री पुणे रोडला डबल ट्रॉल्या. मोळ्यांची टोकं मागं लोंबतात आणि लाल दिवा असला तरी झाकला जातो. रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. माझा मावसभाऊ मोहोळच्या अलीकडं अशाच ट्रॉलीवर आदळला. गाडी नवी होती, पट्टा लावलेला होता, एअरबॅग उघडली, म्हणून आज चालतो-फिरतो. हेराल्डमध्ये ड्रम ब्रेक, पट्टा नाही, वर छप्परही नाही. विजापूर वेस, ह्याचं उत्तर द्या. बालपण बाजूला ठेवून.

विजापूर वेस:
देतो. मावसभावाचं वाचून वाईट वाटलं, त्यावर वाद घालणार नाही. रात्री हायवेला नेणार नाही, हे लिहून देतो. चासी वेगळी असल्यानं पट्टे तिला पक्के बसवता येतात, ते बसवून घेणार. पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाकणार, कार्बोरेटरचे जेट बदलणार.

आरसीबद्दल: आरसीवर दोन दारांची सलून लिहिलंय. मूळ छप्पर त्याच शेडमध्ये गोणपाटाखाली पडलंय, मी बघितलंय. ते परत बोल्टनं बसवणार. उघडी गाडी हवी होती, पण कायदा मोडून नको. एवढं तुमचं ऐकलं. पैशाचा माज हा शब्द मात्र अजून खटकतोय. सौदा ठरला तर मी माझी बाइक विकून पैसे भरणार आहे.

जुळे सोलापूरकर:
बाइक विकताय हे माहीत नव्हतं. माज शब्द जास्त झाला. बाकी मत तेच. दोन दारांच्या गाडीत मागं म्हाताऱ्या माणसाला बसवून दाखवा.

गॅरेजवाल्याचा मुलगा:
ट्रुनियन बघायला मी येतो. रविवारी वडिलांनाही आणतो, हेराल्डवर त्यांचा हात बसलेला आहे. पैसे नकोत. आणि पहिली मोठी चक्कर उन्हाळ्यात नको, इंजिन नवं बांधलंय का जुनंच आहे हे कळेपर्यंत डिसेंबर-जानेवारीतच काढा.

भीमाकाठ:
डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. रस्त्यावर आमच्याच ट्रॉल्या. दिवसाउजेडी काढा, आणि पंढरपूर रोडला ट्रॅक्टरवाल्यानं हात दाखवल्याशिवाय ओव्हरटेक करू नका. रिफ्लेक्टरचं आमच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाला सांगतो. सगळे ऐकतील असं नाही.