लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नाही, आणि इन्स्टॉलर त्याचाच ड्रायव्हर मागतोय – मदत हवी आहे

म्हादईकाठची:

नमस्कार मंडळी. वाळपईहून लिहितेय, मोबाइलवरून, त्यामुळे चुका पोटात घाला.

लॅपटॉप बाबांचा. २०१४ चा, इंटेल आय थ्री, चौथ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. पातळ मॉडेल म्हणून डीव्हीडी ड्राइव्ह मुळातच नाही. आला तेव्हा विंडोज ८.१ होतं, पण त्या चौकोनी फरश्या बाबांना सहन होईनात, म्हणून तेव्हा एका दुकानदाराने विंडोज ७ घालून दिलं. तेच आजपर्यंत चाललं.

गेल्या आठवड्यात पावसात लाईट गेली, लॅपटॉप धाडकन बंद. परत लावला तर विंडोजचं चित्र येतं, मग निळा पडदा, मग पुन्हा पहिल्यापासून. सेफ मोडही नाही. इथल्या एकाला दाखवला, तो म्हणाला, "फॉरमॅट मारतो, सी ड्राइव्ह जाईल, डी राहील." बाबांचं सगळं लिखाण डेस्कटॉपवर आहे. मी लॅपटॉप उचलून घरी आणला.

घरी विंडोज ७ ची डीव्हीडी सापडली, पण तिच्यावर बुरशीची नक्षी उमटलीय. गोव्यातल्या कपाटात बारा पावसाळे काढल्यावर दुसरं काय होणार. आणि चांगली असती तरी घालणार कुठे? मग फोंड्याच्या मावसभावाने त्याच्याकडच्या फाइलवरून पेन ड्राइव्ह करून दिला. त्यावरून सुरू होतं, भाषा विचारतं, "इन्स्टॉल नाऊ" दाबलं की म्हणतं: "अ रिक्वायर्ड सीडी/डीव्हीडी ड्राइव्ह डिव्हाइस ड्रायव्हर इज मिसिंग." अहो, ड्राइव्हच नाही तर ड्रायव्हर कुठून आणू?

फाइल न घालवता विंडोज परत कसं घालायचं? बाबांना चवथीनंतरच्या उत्सवासाठी नाटकाची संहिता पुरी करायची आहे. रोज दोनदा विचारतात.

सोलकढी:

सोपं आहे. यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. कुणाकडून तरी मागून आणा, चांगली डीव्हीडी घाला, काम फत्ते.

जुनाखिळा:

सोलकढी, थांबा. बाहेरचा ड्राइव्हही यूएसबीलाच लागतो ना? मग तोही याच जागी अडकेल.

म्हादईकाठची, तो निरोप फसवा आहे, त्याने भल्याभल्यांना डीव्हीडी ड्राइव्ह विकत घ्यायला लावलेत. होतं ते असं. लॅपटॉप सुरू होताना पेन ड्राइव्ह वाचतो तो बायोस. त्याला यूएसबी ३.० कळतं, म्हणून तुम्ही भाषेच्या पानापर्यंत पोचता. तिथून पुढे कारभार विंडोज ७ च्या स्वतःच्या हातात येतो आणि त्याच्या पोतडीत यूएसबी ३.० चे ड्रायव्हर, म्हणजे ती पोर्टं ओळखून चालवणारे छोटे प्रोग्राम, नाहीत. ते २००९ चं, तेव्हा ही पोर्टं नुकतीच येत होती. म्हणजे ज्या पेन ड्राइव्हवरून ते उठलं, तोच त्याला दिसेनासा होतो. ज्या फांदीवर बसलंय ती फांदीच गायब! मग आपली फाइल सापडत नाही म्हणून ते डीव्हीडीच्या नावाने शंख करतं, कारण त्याच्या काळी इन्स्टॉल म्हणजे डीव्हीडी एवढंच माहीत.

लॅपटॉपच्या दोन्ही बाजू बघा. आत निळी पट्टी असलेलं पोर्ट ३.०, काळी असेल ते बहुतेक २.०. पेन ड्राइव्ह काळ्यात लावून पुन्हा सुरू करा. चौथ्या पिढीत जुन्या यूएसबीचा कंट्रोलर अजून असतो, म्हणून हे चालतं. सहाव्या पिढीपासून इंटेलने तो काढूनच टाकला, तिथे ही युक्ती लागू नाही. काळ्या पोर्टातही तोच निरोप आला तर पेन ड्राइव्हवरची प्रत अर्धवट असेल.

पण पुढे गेलात तरी "नेक्स्ट" दाबू नका. आधी एक सांगा. लॅपटॉपला बॅटरी असते. लाईट गेल्यावर तो बंद पडलाच कसा?

म्हादईकाठची:

काळ्या पोर्टात लावला आणि पुढे गेला! आता कुठल्या पार्टिशनवर घालायचं ते विचारतोय. हात बांधून बसलेय.

बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेली. चार्जर लावूनच चालतो, आणि घरी इन्व्हर्टर नाही. लाईट पावसात दिवसाला तीनचारदा जाते. म्हणजे तो असा धाडकन कितीदा बंद झाला असेल, देव जाणे.

जुनाखिळा:

म्हणूनच विचारलं. फिरती डिस्क लिहिता लिहिता अशी शंभरदा बंद पडली, तर बिघाड विंडोजचाच आहे असं मी तरी धरून चालणार नाही. मरू घातलेल्या डिस्कवर नवं विंडोज घालणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर नवी कौलं. इन्स्टॉलर बंद करा. आधी फाइल बाहेर, मग डिस्कची तपासणी, मग बाकीचं.

आणि दुकानदाराच्या "डी राहील"वर जाऊ नका. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स दोन्ही सी ड्राइव्हच्या पोटात असतात. "सीमध्ये काही नाही हो माझं" म्हणणाऱ्यांचं सगळं तिथेच असतं.

फाइल काढायला लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमचा, पेन ड्राइव्ह करा. त्यावरून लॅपटॉप सुरू केला की पूर्ण डेस्कटॉप पेन ड्राइव्हवरूनच चालतो, हार्ड डिस्कला हात लागत नाही. तिथून विंडोजची डिस्क उघडायची आणि हवं ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवायचं.

रात्रपाळी:

मध्येच बोलतो. लिनक्स कशाला, रूफस नावाचा प्रोग्राम वापरून विंडोज ११ चा पेन ड्राइव्ह करा. टीपीएमची, म्हणजे सुरक्षेच्या चिपची, अट रूफस उडवून लावतं. मी तीन मशिनांवर केलंय.

जुनाखिळा:

उडवतं, खरंय. पण ४ जीबी रॅम आणि फिरत्या डिस्कवर विंडोज ११ म्हणजे चरावण्याच्या घाटात बैलगाडी. त्यात हा प्रोसेसर त्यांच्या यादीत नाही, इंटेलची यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. पुढचं मोठं अपडेट नीट चढेलच असं नाही. तुमच्या मशिनांत एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, असणार, पैज लावतो.

बाकीचे पर्यायही सांगून टाकतो. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, ८.१ चे १० जानेवारी २०२३ ला, १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. ८.१ ची परवान्याची किल्ली या लॅपटॉपच्या बायोसमध्येच असणार, पण जुन्या किल्लीवर १० चालू करून घेण्याची वाट मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बुजवली. मी बाबांना मिंटच देईन. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, दिसायला सेव्हनचा चुलतभाऊ.

रात्रपाळी:

एसएसडीच आहेत. पैज हरलो.

तिसवाडीकर:

ताई, बाबा मराठी कशात टाइप करतात? श्रीलिपी, आयएसएम, असलं काही असेल तर फाइलबरोबर फॉन्टही काढा. विंडोज फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं, ते सगळंच उचला. आमच्या आजोबांची कीर्तनाची टिपणं मी नुसत्या फाइली काढून आणली होती. उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. मजकूर सगळा होता, फक्त तो मराठीत दाखवणारा फॉन्ट जुन्या डिस्कबरोबर भंगारात गेलेला.

म्हादईकाठची:

अगं बाई! सीडॅकचं आयएसएम. सुरेख फॉन्ट. हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

पण पेन ड्राइव्ह करू कुठे? घरी दुसरा कॉम्प्युटर नाही. शाळेत आहे, त्याचा अॅडमिन पासवर्ड हेडबाईंकडे, आणि रूफस त्याशिवाय उघडत नाही. दरवेळी फोंड्याला किती जाऊ?

तिसवाडीकर:

अँड्रॉइड मोबाइल आहे ना? एचड्रॉइड नावाचं अॅप घ्या. मोबाइलला ओटीजी केबलने पेन ड्राइव्ह जोडा, मिंटची आयएसओ फाइल (अख्खं मिंट एका फाइलीत) निवडा, ते लिहून देतं. फाइल जवळजवळ ३ जीबीची आहे, वायफाय असेल तिथे उतरवा. पेन ड्राइव्ह ८ जीबीचा पुरे, त्यावरचं आधीचं सगळं जाईल हे लक्षात ठेवा. विंडोजच्या आयएसओला मात्र हे अॅप चालत नाही, तिची बांधणी वेगळी.

सुरू करताना बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची, कीबोर्डवरची किल्ली लागेल. एचपीला एस्केप, मग एफ ९. डेलला आणि लेनोव्होला एफ १२, काही लेनोव्होंना बाजूला टाचणीने दाबायचं बारीक भोक असतं. असूसला एस्केप. एसरला एफ १२, पण बायोसमध्ये ती आधी चालू करावी लागते. बटण दाबल्या दाबल्या किल्ली टकटकत राहायची, चित्र दिसेपर्यंत थांबायचं नाही.

म्हादईकाठची:

दोन दिवसांनी येतेय, बातमी घेऊन.

मोबाइलवरून पेन ड्राइव्ह झाला. पहिल्यांदा अर्ध्यात केबल हलली, पुन्हा केला. मिंट सुरू झालं आणि बाबांचा डेस्कटॉप जसाच्या तसा दिसला. एका नाटकाच्या सतरा फाइली, नावं "अंक२", "अंक२ नवीन", "अंक२ नवीन खरा". फॉन्टचं फोल्डर काढलं, फोटो काढले. उत्सवाच्या जमाखर्चाची एक फाइल मात्र अडकते, कॉपी अर्ध्यावर येऊन थांबते आणि डिस्कमधून टिक टिक ऐकू येतं.

जुनाखिळा:

टिकटिक ऐकू आल्यावर त्या फाइलच्या मागे लागू नका, बाकीचं सगळं आधी काढा. मग मेनूत "डिस्क्स" उघडा, हार्ड डिस्क निवडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून "स्मार्ट डेटा", म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, बघा. "रीअलोकेटेड सेक्टर काउंट" आणि "करंट पेंडिंग सेक्टर काउंट" या दोन ओळींसमोर काय आहे?

म्हादईकाठची:

पहिल्यासमोर १९२ सेक्टर, दुसऱ्यासमोर २४.

जुनाखिळा:

दोन्हीकडे शून्य हवं होतं. पहिला आकडा म्हणजे खराब झालेल्या आणि डिस्कने स्वतःच बाजूला टाकलेल्या जागा, दुसरा म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून सोडलेल्या नाहीत अशा. तुमची जमाखर्चाची फाइल त्या २४ पैकी कशावर तरी बसलीय. डिस्क संपली. विंडोज निर्दोष होतं, बिचारं.

२.५ इंची साटा एसएसडी घ्या, ७ मिमी जाडीचा, २४० जीबी भरपूर झाला. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपात तो बहुधा तसाच बसतो. मागचे स्क्रू काढण्याआधी चार्जर काढा, मेलेली असली तरी बॅटरीही काढा. आणि इन्स्टॉल ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांच्या घरी करा.

कोऱ्या डिस्कचा आणखी एक फायदा. दुकानदाराने सेव्हन लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीने घातलं असणार, म्हणजे जुनी डिस्क एमबीआर नावाच्या जुन्या आखणीची. पेन ड्राइव्ह यूईएफआयने, म्हणजे नव्या पद्धतीने, उठला की विंडोजचा इन्स्टॉलर अशा डिस्कवर रुसून बसतो आणि माणसं रात्रभर बायोसमध्ये भटकतात. इथे तो प्रश्नच नाही. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये "इरेज डिस्क" निवडायचं, पण निवडण्याआधी खाली आकार वाचायचा, २४० वाली हवी, पेन ड्राइव्ह नव्हे.

म्हादईकाठची:

झालं!! शेजारच्या काकूंकडे त्यांच्या इन्व्हर्टरवर केलं. अर्ध्या तासाच्या आत. मध्ये एकदा लाईट गेलीही, सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, लॅपटॉपला पत्ता नाही. सुरू व्हायला आता बाबांचा चहा गाळून होत नाही तोवर होतो. जमाखर्चाची फाइल गेली ती गेलीच, पण खजिनदारांकडे कागदावर आहे.

फॉन्ट घरच्या फोल्डरमधल्या फॉन्ट्सच्या जागी टाकले, लिब्रे ऑफिसमध्ये नाटक स्वच्छ मराठीत उघडलं. बाबा म्हणाले, "हेच तर होतं, मग आठ दिवस काय चाललं होतं तुझं?"

तुम्हा सगळ्यांना, देव बरें करूं. एक शेवटचं. पुढचं लिखाण बाबा युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टवर न अडणाऱ्या मराठीत, करणार. आयएसएममध्ये ते इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करायचे, इथे काय?

तिसवाडीकर:

कीबोर्ड लेआउटच्या यादीत मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट. त्यांची बोटं आपोआप चालतील. जुन्या फाइली युनिकोडमध्ये करायला कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि अर्धा र डोळ्यांनी तपासा. तिथे ते हमखास घसरतात.

म्हादईकाठची:

घसरले. "ऱ्या"चा सगळीकडे "र्या" झालाय. बाबांचा नायक डोंगरदऱ्यांत भटकतो, तो आता डोंगरदर्यांत भटकतोय. एकदम सगळे बदलून टाकू का? फाइंड-रिप्लेस?

जुनाखिळा:

एकदम नको. नाटक गोव्यातलं आहे, कुठेतरी खरा दर्याही असेल.

म्हादईकाठची:

दुसऱ्या अंकात आहे. "नवीन खरा"मध्ये. बाबा लाल पेन घेऊन बसलेत.